कोऱ्या चहाचा डाग

मी बोलतोय एका बाईच्या तोंडातून, पण ती बाई मात्र गप्प आहे. तिचं नाव सविता. तिच्या वरच्या पुढच्या दोन दातांपैकी डावीकडच्या दाताचा खालचा कोपरा म्हणजे मी. डॉक्टर मला फिलिंग म्हणतात, केंदूर-कारेगावकडची माणसं सिमेंट म्हणतात. मला दोन्ही चालतं. आज मी तपकिरी आहे, कडेला काळपट. आलो तेव्हा असा नव्हतो. असा कसा झालो आणि त्यापायी काय काय झालं, ते सांगायला मला आता थोडाच वेळ उरलाय.

माझा जन्म कुठल्या तरी लांबच्या कारखान्यात झाला. काचेची बारीक पूड आणि चिकट राळ मळून माझा लगदा केला आणि उजेड लागू नये म्हणून काळ्या नळीत भरून ठेवला. आमचं असंच असतं. खास निळा उजेड पडला की आम्ही दगडासारखे घट्ट होतो, आणि मग पुन्हा मऊ होणं नाही. तो उजेड पुरता मिळाला तर दातासारखे होऊन दातात राहतो. अर्धवट मिळाला तर वरून घट्ट, आतून कच्चे.

शिरूरच्या बाजारपेठेत, जिना चढून वर गेलं की दातांचा एक नवा दवाखाना होता. तिथल्या फ्रिजमध्ये मी पडून होतो. अठ्ठ्याण्णव सालच्या उन्हाळ्यात एका दुपारी हौसराव नावाचे शेतकरी आपल्या मुलीला मोटारसायकलवर बसवून केंदूरहून तिथं आले. मुलीच्या तोंडावर ओला टॉवेल होता. हापशावर पाणी भरताना दांडा हातातून निसटून तोंडावर बसला होता आणि पुढच्या दाताचा कोपरा उडाला होता.

"डॉक्टर, रविवारी पाव्हणं यायचेत पोरीला बघायला," हौसराव म्हणाले. "तेवढं दिसंल आसं करा."

"दिसेल असं की दिसणार नाही असं?" डॉक्टरांनी विचारलं.

टॉवेलमागून खुदकन आवाज आला. मग सविता टॉवेल बाजूला करून, तुटक्या दातासकट, खळखळून हसली. ओठ सुजलेला, डोळ्यांत पाणी, आणि तरी हसत होती. मी तिला पहिल्यांदा पाहिलं ते असं.

डॉक्टरांनी तिच्या दाताशी माझा रंग जुळवला. पांढऱ्यात जरा पिवळी झाक, अगदी जवळचा रंग मिळाला. दात स्वच्छ करून त्यांनी मला नळीतून काढलं. माझे पातळ थर देऊन प्रत्येक थराला वेगळा उजेड द्यायला हवा होता. पण शिवारातल्या पाण्याच्या मोटारी सुरू झाल्या होत्या. दुपारी शेतीपंपांना वीज आली की शिरूरमधले बल्ब लालसर व्हायचे आणि पंखे रेंगाळायचे. बाहेर बाकावर पेशंट खोळंबले होते. डॉक्टरांच्या हातातला निळा दिवाही मंदावला होता. वीज जाते की काय या धास्तीनं त्यांनी मला एकदमच भरलं, आकार दिला आणि दिवा धरला.

माझी साल घट्ट झाली. गाभ्यापर्यंत उजेड आलाच नाही. मला ते कळत होतं, आणि डॉक्टरांनाही शंका आली असावी. आरसा सविताच्या हातात देताना ते म्हणाले, "पुढच्या आठवड्यात एकदा या. परत लाइट मारू, पॉलिशही राहिलंय. तोवर चहा आणि हळद जरा जपून."

"व्हय व्हय, येतो की," हौसराव म्हणाले.

ते आले नाहीत. त्यांना दोष तरी काय द्यायचा? आरशात दात अखंड दिसत होता. रविवारी पाहुणे आले, सोमवारी होकार आला, आणि मग लगीनघाईत त्या न दुखणाऱ्या दाताची आठवण कोणाला राहणार?

पाहुणे कारेगावचे. मुलगा विश्वजीत, रांजणगावच्या एका कंपनीत मशीनवर होता. त्याचे वडील बापूसाहेब कारेगावात कंपनीच्या कामगारांसाठी चहा-नाष्ट्याचं कॅन्टीन चालवायचे. आई नव्हती. बघण्याच्या कार्यक्रमात बाकीच्यांनी स्वयंपाक येतो का, शिवण येतं का, असं विचारून घेतलं. विश्वजीतनं एकच प्रश्न विचारला.

"मिसरी लावता का?"

सगळे हसले. तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, कुटून डबीत भरायची आणि सकाळ-संध्याकाळ बोटानं दातांना घासायची. गावोगाव बायका ती लावतात. हा काय प्रश्न झाला? पण विश्वजीत हसला नाही. त्याची आई, मालनबाई, मिसरीपायीच तोंडाच्या कॅन्सरनं गेली होती. शेवटी तिला पेजेचं पाणीसुद्धा नळीतून द्यावं लागायचं आणि ते विश्वजीतच द्यायचा.

"न्हाई लावत," सविता म्हणाली. ते खरं होतं.

दारामागे उभ्या असलेल्या तिच्या आईनं, कस्तुराबाईनं, आपलं काळं पडलेलं बोट पदरात लपवलं. तेवढं मात्र सविताच्या नजरेतून सुटलं नाही.

लग्न झालं. कारेगावात सुरुवातीचे दिवस सुखाचे होते. विश्वजीत अबोल होता, पण त्याला सविताचं हसणं आवडायचं. ड्यूटीवरून आला की कंपनीतल्या साहेबाची नक्कल करून दाखवायचा, ती हसावी म्हणून. ती तोंडभरून हसायची तेव्हा मी उजेडात चमकायचो. मलाही वाटायचं, आपलं निभावलं.

कॅन्टीनमध्ये सविता सासऱ्याच्या हाताखाली राबायची. शिफ्ट सुटली की कामगारांची झुंबड उडायची. दूध गिऱ्हाइकांना लागायचं, म्हणून घरच्यांचा चहा कोरा. पातेल्यात उरलेल्या पत्तीवर पुन्हा पाणी उकळायचं आणि तो गडद चहा कपात ओतायचा. गर्दी ओसरली की भिंतीला टेकून कोरा चहा पिणं हाच तिचा विसावा होता. जेवण मागंपुढं झालं तरी चहा चुकायचा नाही. उन्हाळ्यात बापूसाहेब फ्रिजमधला उघडलेला, गॅस गेलेला काळा थंडा तिच्यापुढं सरकवायचे. "घे सविता, फेकण्यापरीस तू पी." ते मायेनंच द्यायचे. पण त्या आंबट पाण्यानं माझी साल खरखरीत व्हायची आणि मागून आलेला चहा त्या खरखरीत सालीत मुरायचा. पॉलिश न झालेला, आतून कच्चा मी, टिपकागदासारखा सगळं शोषून घ्यायचो. बाजूचे दात चूळ भरली की स्वच्छ व्हायचे. मी होत नव्हतो.

वर्षभरात मी पिवळा पडलो. तेवढ्यावर कोणाचं लक्ष गेलं नाही.

पहिल्या बाळंतपणाला सविता केंदूरला माहेरी गेली. मुलगी झाली, अंकिता. कस्तुराबाईनं लेकीचं बाळंतपण मनापासून केलं. हळदीचं दूध, काढे, आणि थंडी वाजते म्हणून घडीघडीला कोरा चहा. ती लेकीला कणभरही काही कमी पडू देत नव्हती. अंगणात तव्यावर मिसरी भाजायची तेव्हा मात्र लांब जाऊन बसायची. "धूर पोरीला लागंल," म्हणायची.

सविताला आणि बाळाला न्यायला विश्वजीत आला. लेकीला उचलून घेतलं, बायकोकडं पाहून हसला. तीही हसली. आणि त्याचं हसू तिथंच विरलं.

मी काळपट तपकिरी झालो होतो. मिसरी लावणाऱ्या बाईचा दात दिसतो तसा.

कारेगावला आल्यावर, बाळ झोपल्यावर, त्यानं तिला दारातल्या उजेडात उभं केलं.

"तोंड उघड."

"का वो?"

"उघड म्हणतो ना." त्यानं तिची हनुवटी धरली. "हे काय हाय?"

"सिमेंट हाय त्ये. लग्नाआधी हापशाचा दांडा लागून दात तुटला हुता. शिरूरला भरून घेतला."

"मग तवाच का न्हाई सांगितलं?"

"तुम्ही इचारलं न्हाई."

"मी एकच इचारलं हुतं."

"त्याचं खरंच सांगितलंय. न्हाई लावत मी मिसरी."

"तुझी आय लावती."

"आय लावती. मी न्हाई."

विश्वजीत उंबऱ्यावर बसला. मग हळू आवाजात म्हणाला, "माझी आयबी असंच म्हणायची. न्हाई रे, कवाच सोडली. घास गिळंना तवा कबूल केलं तिनं."

त्यानं सविताची पेटी उघडली. लुगडी, बाळाची दुपटी, काजळाची डबी, सगळं बाहेर काढून पाहिलं. मिसरी सापडली नाही. नाही सापडली म्हणून त्याचा विश्वास बसला असं झालं नाही. ती कुठं लपवत असेल, हाच विचार त्याच्या डोक्यात राहिला.

सविता म्हणाली, "शिरूरच्या डॉक्टरला इचारा." दुसऱ्या दिवशी तो खरंच गेला. दवाखान्याला कुलूप होतं. डॉक्टर कधीच पुण्याला निघून गेले होते. ती म्हणाली, मग दुसऱ्याला दाखवू. तो म्हणाला, "मिसरीवाली बायकू घेऊन दवाखान्यात बसू? सोड म्हंजी डाग आपूआप जाईल."

जे लावतच नाही ते सोडायचं कसं?

त्या वेळी मला वाचा असती तर! दिवसरात्र तिच्या तोंडात मीच होतो. तिनं आयुष्यात एकदाही तंबाखूचा कण लावला नव्हता. तो डाग तिचा नव्हता, माझा होता.

विश्वजीतनं तिच्यावर कधी हात उचलला नाही. त्यानं एकच केलं. तिचं केंदूरला जाणं बंद केलं. मिसरी तिकडूनच येते, अशी त्याची खात्री झाली होती. "तुझ्या जिवासाठीच करतोय," म्हणायचा, आणि ते त्याला खरंच तसं वाटायचं. तिला गमावण्याची त्याला भीती होती. त्या भीतीपोटी तो तिला रोज थोडी थोडी गमावत होता, हे मात्र त्याला दिसत नव्हतं.

सविता मला घासायला लागली. मिठानं, राखुंडीनं, कोळशाच्या पुडीनं, लिंबाच्या फोडीनं. हिरड्यांतून रक्त यायचं, तरी थांबायची नाही. तिला कोणी सांगणार की घासून माझ्यावर ओरखडे पडतात आणि त्या ओरखड्यांत चहा आणखी मुरतो? घासून दमली की ती कोरा चहा ओतून घ्यायची. त्या घरात तिचं म्हणावं असं तेवढंच उरलं होतं.

शेजारच्या खोल्यांमध्ये भाड्यानं राहणारी सिंधूबाई एकदा नळावर म्हणाली, "लाजती कशाला गं? मीबी लावते की मिसरी." त्या दिवसापासून सविता तोंडावर पदर धरून बोलू लागली. मोकळं हसणं तर बंदच झालं, चुकून हसू आलंच तर पदराआड. विश्वजीतनं नक्कल करणंही सोडलं. अंकिता चालायला लागली, बोलायला लागली, पण आपली आई हसते कशी हे तिनं कधी पाहिलं नाही.

एका पंचमीला हौसराव लेकीला न्यायला आले. कॅन्टीनच्या बाकावर टोपी मांडीवर ठेवून बसले.

"जावईबापू, सणाला तरी धाडा तिला. आईचा जीव लागून ऱ्हायलाय."

"मामा, तिला तिकडं धाडलं की काय हुतं, मी बघितलंय."

हौसरावांनी मांडीवरची टोपी उचलून परत ठेवली. मग चाचरत म्हणाले, "आता ती भीती न्हाई. कस्तुरानं सोडली मिसरी. डबी पार नदीत टाकली. म्हणली, माझ्यापायी माझ्या पोरीचं म्हायेर तुटायला नगं."

पडद्यामागे सविताच्या हातातला कप लवंडला. तिची आई लहानपणापासून मिसरी लावत होती. लावली नाही तर तिचं डोकं दुखायचं, दिवस सरायचा नाही.

विश्वजीतनं मान हलवली. "सोडल्याली सांगणं सोपं असतंय, मामा. माझ्या आयनंबी शपथा घेतल्या हुत्या. तुमी चहा घ्या."

हौसरावांनी चहा घेतला नाही. जाताना नातीच्या हातात राजगिऱ्याचे लाडू दिले. लेकीकडं एकदा पाहिलं आणि वाटेला लागले.

त्यानंतरच्या हिवाळ्यात कॅन्टीनच्या फोनवर हौसरावांचा फोन आला. कस्तुराबाईला धाप लागत होती. अंथरुणाला खिळली होती आणि लेकीचं नाव घेत होती. सविता चुलीपुढून उठली आणि विश्वजीतसमोर उभी राहिली. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तिनं तोंडावरचा पदर खाली घेतला.

"मला जाऊ द्या."

विश्वजीतला ते लागलं. तो म्हणाला, "रविवारी सुट्टी हाय. मीच घिऊन जातो. दोगं जाऊ."

तो खोटं बोलत नव्हता. रविवारी त्यानं नेलंही असतं. शनिवारी सकाळी पुन्हा फोन आला.

केंदूरच्या अंगणात आईला ठेवलं होतं. सवितानं तिला मिठी मारली आणि जो टाहो फोडला, त्यानं तिचं सबंध तोंड उघडलं. कित्येक वर्षांनी माझ्यावर सरळ ऊन पडलं. ते तसं पडायला नको होतं. भोवतीच्या बायकांना मी दिसलो, आणि दोघीतिघींनी एकमेकींकडं पाहिलं.

कस्तुराबाईची मैत्रीण दगडाबाई जवळ सरकली आणि सविताच्या पाठीवरून हात फिरवत रडत म्हणाली, "लई जिद्दीची गं तुझी आय. आमी म्हणायचो, आता दुखण्यात तरी चिमूटभर लाव, बरं वाटंल. तर म्हणायची, न्हाई, माझी सविता येणार हाय."

पुरुषांच्या घोळक्यात विश्वजीत खाली मान घालून उभा होता. दगडाबाईचा आवाज मोठा होता.

कारेगावला परतल्यावर सविता कामाला लागली. पहिल्यासारखी उठायची, रांधायची, चहा उकळायची. विश्वजीत काही विचारायचा, तर तेवढ्यापुरतं उत्तर द्यायची. तो एकदा म्हणाला, "केंदूरला जायचं असंल तर जा." ती भांडी घासत राहिली.

पुढल्या उन्हाळ्यात दौंडला विश्वजीतच्या चुलतभावाचं लग्न होतं. तिथं पंगतीत शेवेचा कडक लाडू चावताना माझी एक कड निघाली. आत गार पाणी गेलं की सविताला कळ यायची. ती सांगणार नव्हती, पण दुसऱ्या दिवशी सकाळी गाल धरून बसलेली विश्वजीतला दिसली, आणि तो तिला आणि अंकिताला घेऊन दौंडच्या स्टेशनजवळच्या दवाखान्यात गेला.

तिथल्या डॉक्टरीणबाई वयानं प्रौढ होत्या. त्यांनी विचारलं, "तंबाखू, मिसरी काही?"

सवितानं तोंड उघडायच्या आत विश्वजीत म्हणाला, "लावती ती. कबूल करत न्हाई."

सविता छताकडं बघत राहिली. डॉक्टरीणबाईंनी बारका आरसा आत घातला. दातांच्या मागची बाजू पाहिली, हिरड्या पाहिल्या, गाल ओढून आतून पाहिलं. मग खुर्ची सरळ केली.

"ह्या मिसरी लावत नाहीत."

"मग त्यो डाग?"

"मिसरीचा डाग एवढ्याच जागी कसा पडेल? ती सगळ्या दातांना लागते, मागून लागते, हिरड्यांना लागते. यांचे बाकीचे दात स्वच्छ आहेत. काळं पडलंय ते फक्त भरलेलं. भरताना त्याला पुरता लाइट मिळालेला नाही, आत कच्चं राहिलंय. त्यात चहा मुरलाय. कोरा चहा पिता का हो?"

"व्हय," सविता म्हणाली.

"पुष्कळ?"

"व्हय."

"मग हा चहाचा डाग आहे. आत्ता काढून नवीन भरते, अर्ध्या तासाचं काम आहे."

विश्वजीत भिंतीला टेकून उभा होता. त्यानं पुन्हा विचारलं, जणू नीट ऐकू आलं नव्हतं. "म्हंजी... हिनं कवाच न्हाई लावली?"

"मला तरी लावल्याची एकही खूण दिसत नाही."

मला वाटलं, आता सविता बोलेल. कधीचं साठलेलं सगळं बाहेर पडेल. ती खुर्चीतून उतरली, पदर सारखा केला. म्हणाली, "आज नको, बाई. पुन्ना येईन."

अंकिताला पुढं टाकीवर बसवून ते मोटारसायकलवरून निघाले. भीमेच्या पुलावर विश्वजीतनं गाडी थांबवली. खाली नदी आटलेली होती. तो गाडीवरून उतरला नाही, मागं वळूनही पाहिलं नाही.

"सविता, आसंच केंदूरला जाऊ का? हितनंच. चार दिस ऱ्हा, आठ दिस ऱ्हा."

ती खालच्या वाळूकडं बघत होती. मग म्हणाली, "आय न्हाई तिथं."

त्यानं हँडलवर डोकं टेकलं. अंकिता त्याच्याकडं वळून वळून बघत होती. बाप असा रडतो हे तिला नवीन होतं.

कस्तुराबाईच्या वर्षश्राद्धाला ते केंदूरला गेले. जेवणं उरकल्यावर विश्वजीत हौसरावांपुढं जाऊन बसला. सविता दारात होती, म्हणून मी ऐकलं.

"मामा, सविताचं खरं हुतं. मामींनी मिसरी सोडली, त्येबी खरं हुतं. माझंच चुकलं."

हौसराव सुपारी कातरत होते. कातरायचे थांबले. वर न बघता म्हणाले, "आमाला काय सांगताय, जावईबापू. जिला सांगाया पायजे हुतं तिला आज पान वाढलं."

मग त्यांनीच पाण्याचा तांब्या त्याच्यापुढं सरकवला.

विश्वजीत बदलला, हे मला सांगितलं पाहिजे. नळावर सगळ्यांदेखत त्यानं सिंधूबाईला सांगितलं, "माझी बायकू मिसरी लावत न्हाई, कवाच लावत नव्हती." घरच्यांसाठी दूध वेगळं काढून ठेवू लागला. दौंडला जाऊन दात बदलून घेऊ, असं कितीदा म्हणाला. सविता एकदा शांतपणे म्हणाली, "ह्यो काढला की तुमाला सगळं मिटलं वाटंल." त्यानंतर त्यानं तो विषय काढला नाही.

मी मात्र मनात म्हणत होतो, काढ मला. माझ्यात आता काही राखण्यासारखं नाही.

काल अंकिताच्या शाळेत फोटो काढायला फोटोवाला आला होता. सविता तिला आणायला गेली, तेव्हा पोरी ओळीत बसल्या होत्या. फोटोवाला म्हणाला, "हसा बरं सगळ्या." सगळ्या हसल्या. अंकितानं हसताना तोंडावर हात धरला.

"हात काढ, बाळ," फोटोवाला म्हणाला. तिनं काढला आणि ओठ घट्ट मिटले. पुन्हा सांगितलं, पुन्हा हात तोंडावर. तिचे दात मोत्यासारखे आहेत, एकही किडलेला नाही.

घरी येताना सवितानं विचारलं, "हात का धरलास गं?"

"हसताना धरायचा असतो ना?" अंकिता म्हणाली. "तू पदर धरतीस तसा."

सविता रस्त्यातच खाली बसली. लेकीला पोटाशी धरलं. घरी गेल्यावर ती विश्वजीतला म्हणाली, "उद्या दौंडला जायचंय. अंकिताला बी संगं घ्यायचं."

तो उद्या म्हणजे आज. सविता खुर्चीत बसली आहे, अंकिता तिचा पदर धरून शेजारी उभी आहे, विश्वजीत दाराशी आहे. डॉक्टरीणबाई हातमोजे घालतायत. थोड्या वेळात मला कोरून काढतील, माझी भुकटी होईल आणि चुळीबरोबर वाहून जाईल. माझ्या जागी दुसरा येईल. त्याला पुरता उजेड मिळू दे आणि नीट घोटून घेऊ दे, एवढंच माझं त्या हातांना मागणं आहे.

तुम्हालाही एक सांगतो. कोणाच्या अंगावर डाग दिसला तर त्याला विचारा, आणि त्यानं सांगितलेलं ऐकून घ्या. सवितानं पहिल्याच दिवशी खरं सांगितलं होतं.

मी गेल्यानं कस्तुराबाई परत येणार नाही. बंद राहिलेली ती वर्षंही यायची नाहीत. एवढं मला कळतं. पण दात भरून झाला की अंकिता म्हणेल, "बघू गं आई, कशी दिसतीस?" तेव्हा सविता कदाचित हसेल. ते बघायला मी नसणार. नसलेलंच बरं.